उंबरा आला, पाय उचल

माझ्या दादाला सगळे 'घरबुडव्या' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला राग येत नाही, कारण त्याचा धंदाच तो. जुनी घरं पाडायची आणि त्यातलं धड सामान सोडवून विकायचं. दारं, खिडक्या, वासे, कौलं, फरश्या. राग येतो तो मला. माझी लाँड्री आहे, दिवसभर इस्त्रीशी गाठ. आमच्या घरातला सगळा ताप माझ्या वाट्याला आला आणि दादाच्या वाट्याला सगळी धूळ. लहानपणापासून मी बोलते आणि तो ऐकतो, आणि ऐकून झालं की स्वतःच्या मनासारखंच करतो. पालथ्या घड्यावर पाणी.

घर पाडायच्या आधी तो एक गोष्ट न चुकता करायचा. त्याच्या उस्तादानं शिकवलेली. सगळ्यात आधी पुढचं दार बिजागऱ्यांतून उतरवायचं आणि बाजूला टेकवून ठेवायचं. मग उंबऱ्याबाहेर उभं राहून आत तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, "घर पडतंय. कुणी आत राहिलं असेल तर बाहेर या. वाट मोकळी आहे." एवढं म्हणून बाजूला व्हायचं. एक चहा पिऊन होईपर्यंत त्या दारासमोर कुणी उभं राहायचं नाही की आडवं जायचं नाही. मगच पहिला घाव. ज्यानं दार उतरवलं त्यानंच हाक मारायची, दुसऱ्यानं मारलेली चालत नाही, हाही नियम.

एकदा हाक मारल्यावर खरंच एक दारुडा डोळे चोळत बाहेर आला आणि म्हणाला, आलो की, ओरडता कशाला. दादाबरोबर कायम काम करणारा एक सुतार आहे, तो तेव्हा जो पळाला तो चपला तिथंच टाकून. आम्ही वर्षभर हसत होतो. मी दादाला विचारलं होतं की ही हाक दारुड्यांसाठी आणि मांजरांसाठी, की आणखी कुणासाठी? तो म्हणाला, जो कुणी असेल त्याच्यासाठी.

आता वहिनीचं सांगते, कारण तिच्याशिवाय दादाची गोष्ट होत नाही.

वहिनी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायची. पुढे तिची नजर जायला लागली. आधी कडेकडेनं गेली, मग मधली. गेलेली परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दादा रडला आणि वहिनीनं त्याला पाणी आणून दिलं, तेही चाचपडत. मग ती माझ्या लाँड्रीत येऊन बसायला लागली, इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला. अशी घडी मी डोळ्यांनी बघूनही घालू शकत नाही. कॉलरला हात लावून सांगायची, वन्सं, हा त्या शिक्षकांचा, खिशाशी खडूची पूड आहे. कधी चुकली नाही. माझ्यासारख्या तोंडाळ नणंदेशी तिचं कसं जमलं, याचं लोकांना नवल वाटायचं. मलाही वाटायचं.

घरात ती काठी वापरायची नाही. उजव्या हाताची चार बोटं कमरेच्या उंचीला भिंतीवर टेकवायची आणि त्या बोटांच्या मागून चालायची. स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लागला की वळायची. त्या चौकटीवर तिच्या तळव्याचा काळा, गुळगुळीत डाग पडला होता. मी डागांची वैरी. एक दिवस सोडा आणि ब्रश घेऊन घासायला बसले, तर दादानं माझ्या हातातून ब्रश ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. वहिनी हसली आणि म्हणाली, राहू द्या वन्सं, वळायचं कुठं ते तो डाग सांगतो मला.

घराबाहेर पडताना मात्र दादा लागायचा. तो आधी उंबऱ्याबाहेर जायचा, कोपर वाकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "उंबरा आला, पाय उचल." त्या उंबऱ्यावरून ती हजारदा गेली होती. तरी म्हणायचाच, आणि तीही थांबून ते ऐकल्यावरच पाय उचलायची. मग त्याच्या कोपराला धरायची आणि दोघं निघायचे.

ती घाबरलेली मी एकदाच पाहिली. मी लाँड्रीतली कपाटं हलवली होती आणि तिला न सांगताच कपडे पोचवायला गेले होते. परत आले तर ती कोपऱ्यात तोंड करून उभी. दोन्ही हातांनी भिंत चाचपत होती, भराभर, नखांनी ओरबाडत. दार तिच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर होतं. नखांत चुना भरला होता. मी धरलं तेव्हा म्हणाली, "भिंत संपतच नव्हती, वन्सं." दादानं त्या दिवशी माझ्याशी अबोला धरला, आणि बरोबरच धरला.

दोन वर्षांनी वहिनी गेली. राहत्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसल्या बसल्या, दुपारची. दादा तेव्हा कामावर, कुणाचं तरी घर पाडत होता.

ते घर भाड्याचं. मालकानं पुढं ती सगळी ओळच पाडायला काढली. पाडायचं काम दादानं स्वतः मागून घेतलं. मी म्हटलं, अरे, स्वतःचं घर स्वतःच्या हातानं पाडणार? तर म्हणाला, तिच्या भिंतींना दुसऱ्याचा हातोडा लागू देणार नाही. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते ते क्वचित.

घर पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी संध्याकाळी सुतार एक विजार इस्त्रीला घेऊन आला. या माणसानं जन्मात विजारीला इस्त्री केली नव्हती. मी म्हटलं, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस, काय ते सांग. तेव्हा हळू आवाजात म्हणाला की दादानं दार उतरवलं, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत बघत राहिला, आणि हाक न मारता पहार उचलली. मी म्हटलं, आवाज फुटला नसेल बिचाऱ्याचा. सुतार म्हणाला, नाही, ओठ घट्ट मिटून घेतले होते. विजार तशीच ठेवून तो निघून गेला.

जुन्या वीटभट्टीच्या मागे दादाची एवढीशी जागा होती. तिथं त्यानं स्वतःसाठी घर बांधायला घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात. यानं उभा जन्म घरं पाहिली ती पाडून. पण बांधायला लागला तसा माणसात आला. पाया जुन्या घरांच्या दगडांचा. भिंती मातीच्या. ताडपत्रीवर माती, वाळू आणि पेंढा टाकून पाणी ओतायचं आणि पायांनी तुडवायचं, की झाला गारा. मलाही त्यानं तुडवायला लावलं. साडी खोचून मी त्या थंडगार चिखलात नाचत होते आणि दादा हसत होता, किती दिवसांनी. गाऱ्याचे गोळे एकावर एक थापत भिंत वर न्यायची, खालचा थर वाळला की वरचा. मधे मधे भंगारवाल्याकडच्या काचेच्या बाटल्या आडव्या बसवल्या, हिरव्या आणि तपकिरी. दुपारी उन्हानं त्या पेटायच्या आणि आत जमिनीवर रंगीत ठिपके पडायचे. वासे तीन घरांचे, कौलं पाच घरांची. घर केलं गोल, कारण मातीची गोल भिंत जास्त टिकते. एकच खोली, कोपरा कुठंच नाही.

दार-खिडक्या मात्र सगळ्या वहिनीच्या घरच्या. आणि इथं दादानं पाडकामवाल्याच्या सवयीनं काम केलं. माप बसलं की बसवायचं, आधी कुठं होतं ते बघायचं नाही. पुढचं मोठं दार मावेना, तर ते आडवं टाकून त्याचं बाकडं केलं. झोपायच्या खोलीची खिडकी चुलीच्या वर गेली. आणि स्वयंपाकघराची चौकट, तीच, काळ्या डागाची, लागली पुढच्या दाराला. मी म्हटलं, दादा, हे स्वयंपाकघराचं दार आहे. तो म्हणाला, दार ते दार.

शेवटी आतून बारीक चाळलेल्या मातीचा गिलावा केला, हातानंच, आणि दादा तिथं राहायला गेला. दुसऱ्याच दिवशी मला बोलवायला आला. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, याला काय सापडलं. आत नेऊन त्यानं भिंत दाखवली. ओल्या गिलाव्यावर कमरेच्या उंचीला चार बोटांचा माग होता. दारापासून निघून भिंतीभिंतीनं गेलेला.

मी म्हटलं, मांजर असेल. दादानं नुसतं त्या मागाकडे बोट केलं. कमरेच्या उंचीला मांजर कुठलं? मलाही कळत होतं, पण तोंडातून काहीतरी निघायला हवं होतं. आत थंड होतं. मातीच्या घरात असतं तसं नव्हे. मी पदर ओढून घेतला आणि भांडी घासायची आहेत म्हणून घरी पळाले.

त्यानंतर दादाचं सगळं उलटं झालं. रोज सकाळी तो भिंतीचा तेवढा पट्टा ओल्या मातीनं सारवायचा आणि दार बंद करून बाकड्यावर बसून राहायचा. संध्याकाळपर्यंत माग उमटलेला असायचा. कामावर जाणं सुटलं. जेवण मी पोचवायचे, त्यातलं अर्धं परत यायचं. गालफडं बसली. सुतार भट्टीच्या अलीकडेच थांबायचा, पुढं पाऊल टाकायचा नाही. आणि दादा बोलेनासा झाला. मी तोंड उघडलं की ओठांवर बोट ठेवायचा. दाराची कडी काढताना कापडात धरून काढायचा, आवाज होऊ नये म्हणून. मला वाटायला लागलं की मी भाऊही गमावणार. गेलेल्या बाईच्या मागे हा बसल्या जागी वाळून जाणार, आणि मी डबे पोचवत राहणार.

एक दिवस दुपारी गेले तर दादा पाणी आणायला गेला होता. मी आत बाकड्यावर बसले. बाहेर लख्ख ऊन, जमिनीवर हिरवे-तपकिरी ठिपके. ओल्या कपड्यावरून हात फिरवून आपण सुरकुती मोडतो ना, तसा आवाज आला. हळू, सावकाश. मी वळून बघितलं. दाराशी भिंतीत चार बोटं रुतली होती आणि पुढं सरकत होती. हात नव्हता. नुसता माग तयार होत होता. माग ज्या बाटलीखालून जाई ती बाटली विझे आणि मागची पुन्हा पेटे. जमिनीवरचे ठिपके एकेक करून जात होते आणि येत होते.

माग पूर्ण गोल फिरून चौकटीशी आला. डागावर थांबला. तिथं ओली माती नव्हती, पण लाकडावर थोपटल्याचा आवाज मी ऐकला. आणि माग परत फिरला. पुन्हा सगळी भिंत, पुन्हा चौकट, पुन्हा परत. दर खेपेला जास्त घाईनं. मग चुलीमागे भिंतीवर दोन्ही हातांचं ओरबाडणं सुरू झालं. मातीचे कपचे खाली पडायला लागले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही जात नाही, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. वहिनीचा हात डागाशी वळत होता. तिच्या लेखी ती चौकट स्वयंपाकघराची, बाहेर जायची नव्हेच.

माझ्या तोंडून "वहिनी" असं निघून गेलं. ओरबाडणं थांबलं. मग भिंतीवरून थाप, थाप, माझ्या दिशेनं यायला लागली. तिच्यावर माझा एवढा जीव होता, पण खरं सांगते, मी बाकड्यावर अंग चोरून घेतलं. थाप माझ्या डोक्यामागे येऊन थांबली. तेवढ्यात दादा बादली घेऊन आत आला आणि सगळे ठिपके एकदम लख्ख झाले.

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. "दादा, ती तुझ्याकडे आलेली नाही," मी म्हटलं. "ती हरवलीये. तिला बाहेर पडायचंय आणि दार सापडत नाहीये. आठव, माझ्या लाँड्रीत काय झालं होतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, ऐकतोय. पण तो बादली उचलून आत गेला आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं, तेही आवाज न करता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता डबासुद्धा आणणार नाही, असं दारालाच सांगून मी आले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलेच. दार उघडलं नाही. डबा बाहेर ठेवला.

असे चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी दादा स्वतःच लाँड्रीत आला आणि वहिनी ज्या स्टुलावर बसून घड्या घालायची त्यावर बसला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. घर पाडताना हाक मारली असती तर ती गेली असती, म्हणून मारली नाही. आणि आता तोंड उघडत नव्हतो, कारण माझ्या आवाजाच्या रोखानं तिला दार सापडलं असतं." मग म्हणाला, "ती माझ्यासमोर भिंत ओरबाडते आणि मी श्वास दाबून बसतो. असा कसा गं मी?"

मला त्याला कुशीत घ्यावंसं वाटलं आणि एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही. इस्त्री बंद केली.

"आता हाक मारली तर ती जाईल," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

वाटेत सुताराला घेतलं. तो भट्टीशी थांबला आणि या खेपेला पळाला मात्र नाही. दादानं कुणाला हात लावू दिला नाही. आत पट्टा ताज्या मातीनं सारवला, मग बाहेर येऊन दार स्वतः बिजागऱ्यांतून उतरवलं आणि भिंतीला टेकवलं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आयुष्यभर परक्या घरांत मारलेली ती हाक मारायला लागला. घर पडतंय म्हणाला, कुणी आत राहिलं असेल तर बाहेर या म्हणाला. वाट मोकळी आहे.

आत भिंतीवर माग उमटायला लागला. मी बाजूला उभी राहून बघत होते. बाटल्या एकेक करून विझत पेटत आल्या. माग चौकटीशी आला, डागावर थांबला, आणि परत फिरला. दादाची हाक ऐकूनसुद्धा परत फिरला. दादानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत एक क्षण आनंद चमकला, तो मला दिसला. मी नुसती मान हलवली.

मग दादानं ती हाक सोडून दिली. एक पाऊल मागे सरला, कोपर वाकवलं आणि घरात बोलायचा तसा बोलला.

"अगं, थांब. चौकट तीच आहे, पण स्वयंपाकघर नाही हे. मी घर बदललं आणि तुला सांगितलं नाही. चुकलं माझं. वळू नकोस. सरळ ये."

माग थांबला. मग उलटा निघून पुन्हा चौकटीशी आला. डागावर थोपटल्याचा आवाज झाला. बराच वेळ काहीच हललं नाही. दादाला पुढचं बोलवत नव्हतं. भट्टीशी उभ्या सुतारानं डोक्यावरची टोपी काढली.

"उंबरा आला," दादा म्हणाला. "पाय उचल."

त्याच्या शर्टाची बाही कोपराशी आत दबली. पांढऱ्या कापडावर ओल्या मातीची चार बोटं उमटली, मग अंगठा. दादानं तिकडे बघितलं नाही. वळला आणि चालायला लागला, कोपर तसंच धरून, सावकाश. इथं दगड आहे, म्हणत होता. इथं उतार आहे. भट्टीला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. मग त्याचा हात हळूच सरळ झाला.

परत आला तेव्हा मी त्याच्या बाहीकडेच बघत होते. मला वाटलं, झालं, आता हा शर्ट खुंटीला लागणार आणि जन्मभर तिथंच राहणार, त्या चौकटीवरच्या डागासारखा. दादानं उभ्या उभ्या बटणं काढली आणि शर्ट माझ्या हातात दिला.

"धुऊन टाक," तो म्हणाला.

हयातभर मी लोकांचे डाग काढले. पण त्या दुपारी बादलीसमोर बसले आणि बाहीला साबण लावायला माझा हात उचलेना. तेव्हा दादाच माझ्या शेजारी बसला, आणि त्यानं वरून पाणी ओतलं.